पोत्यावरचं नाव

डेलिस बेटावर राहायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला केळ्याची पिल्हाई, म्हणजे आमच्या बेटावरची जाड वडी, भाजून नेऊन दिली होती, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई पहिल्यापासूनच जळकी. तशी नव्हते मी. माझ्या मावसबहिणीची मुलगी, ब्रिस्बेनला जन्मलेली, तिकडेच शिकलेली, लग्न मोडलं म्हणून आईच्या बेटावर आलेली. मला तिची दयाच आली. ही दया सहा महिने टिकली. मग तिने बाजारात, बेकरीला लागून, एक खोली भाड्याने घेतली आणि दारावर पाटी लावली: करसल्लागार, नोंदणीकृत.

नॉरफोक बेटावर कागदाचं माणूस एकच होतं, आणि ते मी. नोरीन नॉब्स. तीस वर्षं सरकारी कचेरीच्या खिडकीमागे बसले. गाईच्या कानातल्या बिल्ल्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळं माझ्या हातून गेलंय. दोन हजार सोळाच्या जुलैपर्यंत आमच्याकडे इन्कम टॅक्स नव्हता. तो आला तेव्हा घराएवढ्या लाटेत होडी घालणारे बाप्ये चार पानी फॉर्म बघून गळाठले. मी तेव्हा नुकती निवृत्त झाले होते. कर खात्याला गरीब लोकांचे फॉर्म फुकट भरून देणारे स्वयंसेवक हवे होते. मी फोनवरून त्यांचं शिक्षण घेतलं, दोनशे पानांची वही भरली आणि दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये थर्मास घेऊन बसायला लागले. छातीवर बिल्ला. समोर रांग.

लोकांना कायदा समजावून सांगायची माझी एक हातोटी होती. कर यायच्या आधी जी जमीन, जे घर, जी झाडं तुमची होती ती उद्या विकली तर त्या नफ्यावर कर नाही, हे कलम मी तीन शब्दांत बसवलं होतं: आधीचं ते आपलं. बेटभर झालं ते. दुकानात लोक एकमेकांना ऐकवायचे आणि वर म्हणायचे, नोरीनने सांगितलंय. हे ऐकून माझी मान ताठ व्हायची.

पार्किन मॅकॉय दर गुरुवारी यायचा. त्याला फॉर्मबिर्म काही नसायचा. पेन्शनवर जगणारा माणूस, थोडी मासेमारी, जहाजाच्या दिवशी धक्क्यावर दोरखंड ओढायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा टेबलाखाली सरकवायचा आणि थर्मास रिकामा होईपर्यंत बसून राहायचा. माझ्या नवऱ्याचा, लिंडसेचा, तो पडावावरचा जोडीदार. आमच्याकडे जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगरून उभं राहतं आणि माल पडावात उतरवून आणावा लागतो. लिंडसे आणि पार्किन वीस वर्षं एकाच पडावावर होते.

लिंडसेला सगळं बेट 'बिस्किट' म्हणायचं. कामाच्या पहिल्याच दिवशी त्याने बिस्किटांचं अख्खं खोकं समुद्रात पाडलं आणि ते काढायला स्वतः उडी मारली, तेव्हापासून. बेटावर आडनावं मोजून सात-आठ, आणि तीच ती नावं पिढ्यान् पिढ्या. त्यामुळे आमच्या फोनबुकात माणसं टोपणनावाने सापडतात. लिंडसे गेला, त्याला पुरून आम्ही परत आलो, तेव्हा पडाववाल्यांनी मला विचारलं, हे नाव पार्किनला दिलं तर चालेल का. मी मान हलवली. पुढच्या फोनबुकात 'बिस्किट' समोर पार्किनचा नंबर छापून आला. मी मात्र त्याला त्या नावाने कधी हाक मारली नाही. जीभच वळायची नाही.

तर डेलिसची पाटी लागली. पहिल्या वर्षी माझी रांग अर्धी झाली, दुसऱ्या वर्षी हॉलमध्ये मी, पार्किन आणि चर्चची मांजर. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. तिच्याकडे पैसे मोजावे लागायचे तरी लोक तिच्याकडे जायचे. का, तर ती कर खात्याशी भांडते. हॉटेलवाल्या बाईचा दंड तिने माफ करून आणला. एका गवळ्याला तीन वर्षांपूर्वीचे पैसे परत मिळवून दिले. लोक मला येऊन सांगायचे, "नोरीन, तुझी भाची म्हणजे सोनं आहे हो." मी म्हणायचे, "आहेच मुळी." आणि घरी येऊन भांडी आपटायचे. हेवा वाटायचा, दुसरं काही नाही. तिच्या पाटीचा, तिच्या छापील कागदांचा, फोनवर तिकडच्या अधिकाऱ्याशी बोलताना तिचा आवाज जराही चढत नाही त्याचा. मी तीस वर्षं ज्यांचे कागद सांभाळले ते माझ्यासमोरून तिच्या दारात शिरायचे, आणि वर मला हात करायचे.

हात करायची आमची रीतच आहे. रस्त्यात गाडी समोर आली की ओळख असो नसो, हात करायचा. एका गुरुवारी मी हॉलच्या पायरीवर उभी असताना पार्किनची व्हॅन आली. त्याने हात केला. पण थांबला नाही. पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी त्याची व्हॅन मला बेकरीसमोर दिसली, आणि पार्किन पाव विकत घेत नाही हे मला माहीत आहे. त्याला मीच पाव भाजून देते.

मी बेकरीत शिरले. नको असलेला पाव घेतला. तिथली मोना आपणहून बोलायला लागली. तिला कधी विचारावं लागतच नाही.

"पार्किन बघितलास ना? या आठवड्यात तिसऱ्यांदा. कर खात्याचं पत्र आलंय म्हणे त्याला. कमाई लपवली म्हणून."

"पार्किनने? त्याच्याकडे लपवण्यासारखं आहे काय? दोन टोप्या?"

"ते मला काय माहीत. पण दंड लागलाय, आणि पेन्शनचेही पैसे परत मागतील. डेलिस लढतेय म्हणे त्याच्यासाठी."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. वाटलं, बरी खोड मोडली. माझ्याकडे आला असता तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं काय ते. माझा चहा प्यायला बरा आठ वर्षं, आणि अडचण आली तेव्हा त्या ब्रिस्बेनवालीकडे. पाव मी बदकांना टाकला.

पंधरा दिवसांनी डेलिस माझ्या घरी आली. हातात कागदांचं पाकीट, तोंड उतरलेलं. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं. मी मडा, म्हणजे केळ्याचे उकडलेले गोळे, करत होते, कच्ची केळी किसत. हात थांबवले नाहीत.

"मावशी, एक मदत हवीय."

"माझी? मला कुठे नोंदणी आहे."

ती हसली नाही. "गिऱ्हाइकाचं नाव मी सांगू शकत नाही."

"सांगू नकोस. सगळ्या बेटाला माहीत आहे."

"असू दे. तरी मी सांगणार नाही." पोरगी नियमाची पक्की, एवढं मानावं लागेल. "एका माणसावर अशी कमाई लावलीय जी त्याची नाही, असं मला वाटतं. पण तो तोंडच उघडत नाही. मी विचारलं, तुझी आहे का? तर म्हणतो, लिही तसंच. विचारलं, मग कुणाची? तर म्हणतो, हवा छान आहे आज. मावशी, कर खात्याने काही सिद्ध करायचं नसतं. त्यांचा आकडा चूक आहे हे आपण दाखवायचं असतं. नुसतं 'माझं नाही' म्हणून भागत नाही. आणि हरकत घ्यायला साठ दिवस मिळतात, त्यातले चाळीस संपले."

"मग सोडून दे. त्यालाच नको असेल तर."

"कसं सोडू? कमरेत खिळे घातलेला माणूस झाडावर चढून बी काढेल का?"

माझा हात थांबला. "कसलं बी?"

"केंटियाचं." केंटिया म्हणजे आमचा शोभेचा ताड, त्याचं बी परदेशी जातं. तिने पाकिटातून एक कागद काढून पुढे सरकवला. वरचं नाव तिने पांढऱ्या पट्टीने झाकलं होतं. खाली नुसत्या तारखा आणि पोत्यांचे आकडे. "तू सगळ्यांना ओळखतेस. या तारखांना एवढं बी कोण काढत असेल, काही अंदाज?"

मी चष्मा लावला. पाच पोती. सात पोती. चौदा ऑगस्ट, अकरा पोती.

चौदा ऑगस्टला लिंडसे गेला. कागदावरच्या त्या वर्षी ती तारीख आली तेव्हा घरात बसवेना, म्हणून मी पहाटेपासून लांब दांड्याचा कोयता घेऊन मागच्या आवारात केंटियाचे घोस पाडत राहिले, आणि दुपारी अकरा पोती ओकलीच्या वखारीत नेऊन टाकली. ओकली बियांचा व्यापारी. रोख पैसे देतो आणि वहीत पोत्यावरचं नाव लिहितो. लिंडसेने पत्र्यावर कापून घेतलेला साचा होता, 'बिस्किट' अशा अक्षरांचा. तो गेल्यावरही मी तोच साचा ठेवून काळा रंग मारायचे. बिस्किटाच्या पोत्यात किडकं बी नसतं म्हणून ओकली भाव जास्त द्यायचा, हे एक. आणि दुसरं म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा ते नाव माझ्या हाताने उमटवायला मला बरं वाटायचं. तेव्हा ओकलीच्या वह्या तपासायला कुणीतरी आलं असणार, वहीत बिस्किट दिसलं असणार, आणि त्याने फोनबुक उघडून बिस्किट शोधला असणार.

"मावशी?" डेलिस म्हणाली.

"कितीतरी जण असतील," मी म्हटलं. "केंटिया काय, दारोदार आहे." आणि कागद परत सरकवला.

ती उठली. जाता जाता फोनशेजारचं फोनबुक तिने सहज चाळलं. "चार वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि मी यात अजून आडनावानेच आहे. मला कुणी नावच दिलं नाही."

"मिळतं हळूहळू," मी म्हटलं. मनात मला गुदगुल्या झाल्या. सगळं मिळालं तिला, हे नाही मिळालं. मग दार लागलं, आणि गुदगुल्या थांबल्या.

मी शिक्षणाची वही काढली. मला खात्री करायची होती की माझं चुकलेलं नाही. झाडं लिंडसेने लावलेली, कर यायच्या कितीतरी आधी. आधीचं ते आपलं. म्हणून तर बियांचे पैसे मी माझ्या फॉर्मात कधी दाखवले नव्हते. चोरी म्हणून नाही, देवाशपथ. तो प्रश्न माझ्या डोक्यात मिटलेला होता. एकशे बाराव्या पानावर माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: सूट फक्त मालमत्ता विकल्यावर. पीक, भाडं, मजुरी हे दर वर्षीचं उत्पन्न, नेहमीप्रमाणे दाखवायचं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तीन शब्दांचा मंत्र केला आणि पुढची ओळ मीच विसरले.

एवढं कळल्यावर मी लगेच धावत डेलिसकडे जायला हवं होतं. नाही गेले. आठ दिवस नाही गेले. तिच्यासमोर बसून 'मला कायदा कळला नाही' असं म्हणायचं, आणि तिने तो शांत आवाज लावून मला समजावायचं, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. दुसरं कुणी असतं तर गेले असते. कदाचित. मी स्वतःला सांगत राहिले की ती हुशार आहे, काढेल काहीतरी वाट, तिची ख्यातीच आहे ना तशी. तिने हरावं असंही मला वाटत होतं, आणि ती हरली तर पार्किन बुडणार, हे दोन्ही एकाच डोक्यात नांदत होतं.

आठव्या दिवशी दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी दिसली. होडी विकणे आहे. पाइनची, हाताने बांधलेली, इंजिन चांगलं. विचारा: बिस्किट.

ती होडी लिंडसे आणि पार्किनने माझ्या मागच्या पडवीत बांधली होती. दोन वर्षं घरभर लाकडाचा भुसा होता. पार्किनकडे घर भावाचं, व्हॅन अर्धी गंजलेली. त्याची म्हणून एकच वस्तू होती ती.

जहाजाचा दिवस होता. मी किंग्स्टनच्या धक्क्यावर गेले. बाहेर जहाज हेलकावत होतं, दोन पडाव माल घेऊन येत होते आणि पार्किन धक्क्याच्या टोकाला दोरखंडावर बसून सिगारेट वळत होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. तो थोडा सरकला.

"होडी विकतोस?"

"कंबर दुखते."

"कंबर सात वर्षं दुखतेय."

"आता जास्त दुखते."

"पार्किन, ती पोती माझी होती."

त्याने सिगारेटला जीभ लावली, नीट चिकटवली. "पोत्यावर नाव माझं होतं. मी म्हटलं माझीच असतील."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"नोरीन, तुझ्या गाडीच्या मागे ती पोती घालायला मीच नव्हतो का आलो? चौदा ऑगस्टला. तू रडत होतीस म्हणून तुझं लक्ष नसेल."

मला खरंच आठवत नव्हतं. पडाव धक्क्याला लागला, कुणीतरी ओरडलं, त्याने बसल्या बसल्या दोर पकडला आणि खुंट्याला दोन वेढे दिले.

"मग सांगायचं ना डेलिसला," मी म्हटलं. "बाई ओरडून ओरडून विचारतेय तुला."

"आणि काय सांगू? कायदा शिकवणाऱ्या बाईनेच दाखवले नाहीत म्हणून? बिल्ला काढून घेतला असता तुझा. तू त्या बिल्ल्याला रोज पॉलिश करतेस."

"रोज नाही करत."

"गुरुवारी करतेस."

मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. खरं तर त्याच्यासाठीच धक्क्यावर आले होते, असं आता वाटतं. "तीस वर्षं काही कागद आला की माझ्याकडे आलास. या वेळी तिच्याकडे का गेलास?"

तो माझ्याकडे वळून बघायला लागला, जशी काही मी बावळट आहे.

"तुझ्याकडे येऊन करू काय? म्हणू, नोरीन, हे पत्र जरा वाच? तू वाचलं असतंस ना."

दीड महिना मी त्याच्या व्हॅनवर पहारा ठेवला होता. बेकरीसमोर ती किती वेळा उभी राहते ते मोजलं होतं. तो हात करून न थांबता जायचा तेव्हा मी मनात त्याला काय काय म्हटलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि तो माणूस थांबत नव्हता तो अशासाठी, की थांबला असता तर मी विचारलं असतं, कसलं पत्र आलंय, दाखव.

"चिठ्ठी काढ फळ्यावरची," मी म्हटलं.

"एक गिऱ्हाईक आलंय. पर्यटकांना फिरवणारा."

"पर्यटकांना म्हणावं पोहत जा."

तिथून मी सरळ डेलिसच्या खोलीवर गेले. बाहेरच्या बाकावर तिघं बसले होते. मला बघून एकजण म्हणाला, "नोरीन, तू जा आत, तुझीच भाची." मी म्हटलं, "नको, नंबराने जाईन." पाऊण तास बसले. जाणारा येणारा हात करत होता आणि मी तिथे का बसलेय असा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता. मोना तर दोनदा झाडू घेऊन बाहेर आली.

आत गेल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं. तारखा, साचा, ओकली, एकशे बारावं पान. डेलिस लिहून घेत होती. मी वाट बघत होते की आता हिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलेल. ते हललं असतं तर मला बरं पडलं असतं, मला तिचा राग करता आला असता.

"बऱ्याच जणांचं हे होतं, मावशी," ती म्हणाली. "झाड जुनं म्हणजे बीही जुनं, असं वाटतं. पण झाड जुनं असलं तरी बी त्या त्या वर्षाचंच."

बघा. मी अशा प्रकारे सांगायला हवं होतं लोकांना. इतकं सोपं होतं, आणि ते तिला सुचलं. त्या क्षणीही मला झोंबलं ते हे.

"दंड बसेल?"

"त्यांनी तुला शोधून काढलं असतं तर जास्त बसला असता. तू आपणहून सांगतेयस, म्हणून कमी. हप्ते मागू. आणि यात त्याची हरकत मंजूर होईल, कारण आता 'कुणाची कमाई' याला उत्तर आहे." मग तिने पेन खाली ठेवलं. "तो माणूस कोण ते मी तुला सांगितलेलं नाही, लक्षात आहे ना?"

"अजिबात नाही सांगितलंस. हवा छान आहे आज."

या वेळी ती हसली. हसताना ती माझ्या मावसबहिणीसारखी दिसते, हे मला चार वर्षांत पहिल्यांदा दिसलं. तिने फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मी पेन घेतलं. असे हजार फॉर्म मी दुसऱ्यांसाठी भरलेत, तोंडपाठ आहेत मला. नाव. जन्मतारीख. पत्ता. चौथ्या ओळीत विचारलेलं असतं, तुम्हांला आणखी कोणत्या नावाने ओळखतात का. तो रकाना मी नेहमी आडवी रेघ मारून सोडून द्यायचे. त्या दिवशी तिथे मी लिहिलं: बिस्किट.

दोन महिन्यांनी पार्किनला पत्र आलं, त्याच्यावरची रक्कम काढून टाकली म्हणून. मला माझं आलं. केंटियाच्या पुढच्या दोन हंगामांत फिटेल एवढं. ज्यांना ज्यांना मी तो तीन शब्दांचा मंत्र दिला होता त्यांना एकेकाला फोन करून सांगितलं की पुढची ओळही आहे. दोघं हसले, एक चिडला. बिल्ला मी परत पाठवला. पार्किनने गुरुवारी मासा आणून दिला, घरी, आणि म्हणाला, "आता पॉलिशचा खर्च वाचला."

वर्ष सरताना नवं फोनबुक आलं. मला ते डेलिसनेच आणून दिलं, बाजारातून येताना. "मावशी, तू पाहिलंस का?" म्हणत तिने दारातच पान उघडलं. 'बिस्किट' समोर माझा नंबर होता. पार्किन आता साधा पार्किन मॅकॉय, आडनावाच्या रांगेत. मी तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

"हा काय चावटपणा?"

"नाव तुझ्या घरचं होतं, परत दिलं," तो म्हणाला. "फार महाग पडतं ते. मला नाही परवडत."

फोन ठेवला तरी डेलिस तशीच उभी होती, बोट त्या ओळीवर ठेवून. "छानच झालं," ती म्हणाली, पण आवाज कोरडा आला. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी लगेच ओळखलं. चार वर्षं रोज तोंड धुताना मी ते आरशात पाहिलंय. मला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. मग मी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून कुणीतरी घाईघाईने विचारलं, "बिस्किट आहे का? आज मासे मिळतील?"

डेलिस माझ्याकडे बघत होती.

"मासे पार्किनकडे," मी म्हटलं. "बिस्किट मी बोलतेय."